नांगर घेऊन वाळवंटात

कुवेतच्या विमानतळावर आमची बॅग बाजूला काढली गेली ती नांगरामुळे. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने ती उघडली, वरचे दोन शर्ट उचलले आणि खाली पाहून थबकला. अ‍ॅल्युमिनियमची दोन लांब पाती, एक दांडा, नटबोल्टांची पुरचुंडी, एक भलीमोठी कप्पी आणि जाड दोराचं वेटोळं.

"हे काय आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"नांगर," आमचे कप्तान म्हणाले.

"जहाज कुठे आहे?"

"मस्कतला."

"मग नांगर इथे कशाला?"

मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, माझे यजमान निवृत्त झालेत." तो हसला, शर्ट पुन्हा नांगरावर नीट घालून ठेवले आणि बॅग आमच्याकडे ढकलली. त्याच्या घरीही कोणीतरी निवृत्त झालेलं असावं.

पण नांगर इथे कशाला, हे मलाही ठाऊक नव्हतं. थोडं मागचं सांगते. हे मूळचे दाभोळचे, जन्म मालवाहू जहाजांवर गेला. मी पुण्याची, शाळेत भूगोल शिकवायची. दोघं निवृत्त झाल्यावर साठवलेल्या पैशांतून एक जुनी शिडाची बोट घेतली. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. 'टिटवी' असं तिचं नाव ठेवलं आणि तिच्यावरच संसार थाटला. कोची, गोवा, लक्षद्वीप, शेवटी ओमान. पहिले सहा महिने मी रोज ओकत होते आणि नंतर मला जमिनीवर झोप येईनाशी झाली. मग गेल्या वर्षी मस्कतला बंदरात हे बोटीच्या पायरीवरून घसरले आणि खुबा मोडला. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता हलत्या फळीवर उभं राहायचं नाही.

शिडं सोडून चाकांवर यायची कल्पना माझी. आत सगळं घर असलेली मोटरहोम घ्यायची आणि भारतभर फिरायचं. "चालेल," हे म्हणाले. टिटवीला गिऱ्हाईक मिळालं, मस्कतमधले एक गुजराती डॉक्टर. "चालेल." बोटीवरचं सामान आवरायला गेलो, तेव्हा मी विचारलं, यातलं काय ठेवायचं? तेवढा हा लहान नांगर, त्याचा दोर आणि कप्पी यांनी उचलली आणि बाकी सगळ्याला म्हणाले, "चालेल."

पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या एकाही बेताला पहिल्या झटक्यात होकार दिलेला नाही. पडद्याच्या रंगापासून मुलीच्या नावापर्यंत आम्ही भांडून ठरवलं. त्यामुळे प्रत्येक 'चालेल' मला संशयास्पद वाटायचं. मला बोट विकायची होती, पण तिच्याबरोबर माझा नवरा विकायचा नव्हता. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. मस्कतच्या डॉक्टरांना शनिवारी शेवटचं उत्तर द्यायचं होतं. तोपर्यंत हे 'चालेल'च्या पलीकडे गेले नाहीत, तर मीच नाही म्हणून सांगणार. मग खुब्याचं काय व्हायचं ते होवो.

आमची मुलगी मेधा कुवेतमध्ये असते. शुऐबाच्या एका कारखान्यात नोकरी, महबूलात घर. तिच्या एका सहकाऱ्याची मोटरहोम होती. तो हिवाळ्यात कुटुंबासह वाळवंटात तळ ठोकायचा, यंदा त्याला रजा नव्हती. "आधी चार दिवस राहून बघा, मग विकत घ्या," मेधा म्हणाली. यावर हे काय म्हणाले ते सांगायला नको.

खैरान

गाडी चालवायची मी, कारण यांना अजून मनाई होती. समुद्रावर सात वर्षं सुकाणू यांच्या हातात आणि हुकूम यांच्या तोंडात असायचा. इथे उलटं झालं. शिवाय कुवेतमध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, त्यामुळे गाडीचं सगळंच उलटं. प्रत्येक वळणावर मी दिवा लावायला जायची आणि वायपर फिरायला लागायचे. फेब्रुवारीच्या लख्ख उन्हात, थेंबभर पाऊस नसताना, आम्ही काच पुसत पुसत दक्षिणेला निघालो. बोटीवर हे अशा वेळी माझी सालटी काढत. इथे शेजारी बसून गप्प.

वाटेत दूध घ्यायला एका बकाल्यासमोर थांबले. बकाला म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. मी उतरू लागले तर मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि दुकानातला माणूस धावत तिच्या खिडकीशी आला. इथली पद्धतच ती. गाडीतून उतरायचं नाही, हॉर्न वाजवायचा आणि दुकान तुमच्याकडे येतं. पुण्यात मी दुकानदाराने मान वर करावी म्हणून आयुष्यभर खाकरलेली बाई. मला काही हॉर्न वाजवायचा धीर होईना. शेवटी मी उतरून आत गेले, तर तो मल्याळी दुकानदार काळजीने विचारतो, "मॅडम, हॉर्न बिघडला का?"

खैरानला समुद्राची खाडी आत वळवून घेतली आहे आणि तिच्या काठाने घरं बांधली आहेत. पाणी निळं, स्वच्छ, बांधून काढल्यासारखं. जवळच बोटी नांगरलेल्या. आम्ही जरा दूर, मोकळ्या वाळूवर मुक्काम केला. मी सवयीने वाऱ्याकडे तोंड करून गाडी उभी केली. बशा खणात अडकवून ठेवल्या, जणू मध्यरात्री गाडी कलंडणार होती. भांडी वाटीभर पाण्यात धुतली. हे सगळं केल्यावर मला माझंच हसू आलं आणि सांगायला बाहेर आले, तर हे खुर्ची टाकून बसले होते, समुद्राकडे पाठ करून.

"अहो, खुर्ची फिरवू का?"

"अशीच चालेल."

रात्री जेवायला महबूलाहून मेधाने दिलेलं पापलेटचं कालवण होतं. इथे त्याला झुबैदी म्हणतात आणि सोन्याच्या भावाने विकतात. दाभोळच्या माणसाने असल्या कालवणावर एक तरी टीका करायला हवी होती, निदान कोकमाबद्दल. यांनी मुकाट्याने जेवून ताट पुसून ठेवलं. मेधाचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, मजेत आहोत. नातीने मागून ओरडून विचारलं, "आजी, इज द टॉयलेट इनसाइड द कार?" मी मराठीत हो म्हटलं आणि तिने "ग्रॉस!" म्हणून फोन आईकडे दिला.

पुलावरून

दुसऱ्या दिवशी उत्तरेला निघालो. शहर उजव्या हाताला ठेवून खाडीवरच्या लांब पुलावर चढलो. हा पूल समुद्रावरून जातो, आणि जातच राहतो. थोड्या वेळाने दोन्ही किनारे धूसर होतात, उरतं ते फक्त पाणी आणि त्यावरून पळणारी आपली गाडी. मला वाटलं, इथे तरी यांना बरं वाटेल. चोरून पाहिलं तर नजर खाली पाण्यावर होती आणि उजवा हात मांडीवर हळूच हलत होता. बराच वेळ मला कळेना. मग लक्षात आलं, हे वाऱ्याप्रमाणे शिडाचा दोर सैल सोडत होते, ओढत होते. मला इतकं वाईट वाटलं की पुढचा काही वेळ खरोखरच वायपरची गरज माझ्या डोळ्यांना होती.

पूल संपला की सुबिया. इथे उंच काही नाहीच. पिवळट जमीन, पावसानंतर उगवलेली खुरटी झुडपं, त्यांच्यावर हळदी फुलं. थंडीच्या दिवसांत कुवेती कुटुंबं इथे मोठमोठे तंबू ठोकतात आणि आठवड्याच्या सुट्टीला शहरातली वातानुकूलित घरं सोडून येऊन राहतात. आपल्याकडे माणसं पै पै जमवून तंबूतून पक्क्या घरात जातात. इथे पक्क्या घरातली माणसं हौसेने तंबूत येतात. मला ही उलटी वाट फार आवडली, कारण आम्ही तेच करत होतो.

चिखल

आता मुख्य फजिती.

तंबूंच्या वस्तीपासून जरा दूर, एका कच्च्या वाटेने आम्ही किनाऱ्याजवळ आलो. ओहोटी लागली होती. पाणी खूप आत गेलेलं, लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. अलीकडे करडी, सपाट, उन्हात चकाकणारी जमीन. मी गाडी वाटेवरच थांबवणार होते. इतक्यात हे सीटवरून पुढे झुकले आणि मोठ्याने ओरडले, "अगं, निवटे!"

ज्यांना निवटे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खाडीच्या चिखलात राहणारे, डोक्यावर डोळे असलेले, चिखलावर उड्या मारणारे हे मासे. कोकणात ते पकडून खातात. यांचं अर्धं बालपण निवट्यांच्या मागे चिखल तुडवण्यात गेलं. "बघ, बघ, कसे नाचतायत! थेट आमच्या खाडीतले. जवळ घे गाडी. अजून जवळ."

कित्येक महिन्यांत हे असं बोलले नव्हते. माझं भूगोलाचं ज्ञान, समुद्रावरची वर्षं, सगळं मी त्या आवाजावर ओवाळून टाकलं आणि सुकाणू पाण्याकडे वळवलं. निवटे चिखलात राहतात, हे ठाऊक असलेली दोन माणसं निवटे बघायला गाडीतून गेली. वरची पापडी फुटली, मागची चाकं आत गेली, मी गाडी रेटली तशी अजून खोल गेली. गाडी मागे कलली आणि खणातल्या बशा खळखळल्या. एकही फुटली नाही, हे अभिमानाने नमूद करते.

हे जराही घाबरले नाहीत. कॅप्टनच्या शांत आवाजात म्हणाले, "काही नाही. भरती आली की आपोआप उचलली जाईल. तू चहा टाक."

आणि मी चहा टाकला.

बोट रुतली की असंच करतात. समुद्रावर आम्ही कितीदा तरी वाळूवर बसलो होतो आणि दर वेळी चहा पीत भरतीची वाट पाहिली होती. मी आलं ठेचलं, दूध घातलं, कप यांच्या हातात दिला. दोघं खिडकीतून निवटे पाहत होतो. मग दूरवर पाण्याची कड किंचित पुढे सरकलेली दिसली. पौर्णिमा जवळ आली होती, म्हणजे भरती मोठी असणार, हे मी शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेलं. मी सहज विचारलं, "अहो, हिला तरंगायला किती फूट पाणी लागेल?"

यांचा कप ओठांपाशीच थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडी. चाकं असलेली. आणि तीही दुसऱ्याची.

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मी दार उघडून हातातला टॉवेल फडकवत तंबूंच्या दिशेने पळत सुटले.

एक पिकअप आधीच आमच्याकडे निघाली होती. चालवत होता शिडशिडीत, दाढीवाला माणूस. शेजारी ऐंशीच्या घरातले एक कुवेती गृहस्थ, अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा आणि त्यावर मेंढीच्या लोकरीचं अस्तर असलेला जाड कोट. चालवणाऱ्याने माझी साडी पाहिली, मागून "अगं, जपून!" असं ओरडणाऱ्या यांचं ऐकलं आणि चक्क मराठीत म्हणाला, "आवो ताय, तिथं कशाला गेल्यात? वरशी सुका दिसतं, खाली सगला चिखल!"

हे सलीमभाई, मुरुडकडचे, त्या तळावर स्वयंपाकी. त्यांचे मालक बू यूसुफ, म्हणजे यूसुफचे वडील. इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बू यूसुफनी आमच्याकडे पाहिलं, निवट्यांकडे पाहिलं आणि मुंबईच्या जुन्या हिंदीत विचारलं, "बू शलंबो देखने आया था?" निवट्याला इथे बू शलंबो म्हणतात. म्हणजे त्या माशालाही मान आहे.

पिकअप घट्ट जमिनीच्या कडेवर उभी करून दोर बांधला आणि सलीमभाईंनी जोर लावला. आमची गाडी हलली नाही. उलट पिकअपच आमच्याकडे घसरू लागली. बू यूसुफनी फोन लावला. मोठी क्रेन यायला वेळ लागणार होता आणि पाण्याची कड आता स्पष्ट दिसत होती.

तेवढ्यात मागे ठणठण ऐकू आलं. काठी बाजूला टाकून हे गाडीच्या पायरीवर बसले होते आणि नांगराची पाती दांड्यावर चढवत होते.

"सलीमभाई, हा न्या. तिकडं, पिकअपच्या अलीकडे. पाती खाली, दांडा आमच्याकडे. पायाने दाबा. अजून! तुम्ही मुरुडचे ना? नांगर कधी टाकला नाही काय?"

"टाकलाय हो कप्तान, पन पाण्यात!"

"वाळूला काय कळतंय!"

दोराचं एक टोक नांगराला. मध्ये कप्पी, ती आमच्या गाडीला मागे बांधलेली. दुसरं टोक पिकअपला. म्हणजे अर्धा भार नांगराने धरायचा, अर्धा पिकअपने ओढायचा. सलीमभाईंनी चाकांमागचा चिखल उकरला. आता चाकाखाली घालायला फळ्या हव्या होत्या. बू यूसुफनी तंबूकडे हात करून अरबीत काहीतरी फर्मावलं. सलीमभाई गेले आणि बैठकीतले गालिचे घेऊन आले. लाल, नक्षीदार, चांगले जाड गालिचे. मी म्हटलं, अहो, नको, नको! बू यूसुफ म्हणाले, "गालीचा धोएगा. गाडी कैसे धोएगा, समुंदर में?" आणि पहिला गालिचा स्वतः पसरला.

मी सुकाणूवर बसले. बाहेरून यांचा आवाज आला, तोच, बोटीवरचा, आसपासच्या सगळ्या बंदरांना ऐकू जाणारा. "नीला, सरळ धर! सरळ म्हणजे सरळ! हळू. हळू सांगतोय ना! कोणी शिकवलं तुला चालवायला?"

मला ओरडा बसत होता आणि मी अशी खुलले होते की सलीमभाईंना नक्की वाटलं असेल, बाईंचं डोकं फिरलं. दोर ताणला. नांगर थोडा सरकला, मग वाळूत रुतला आणि धरला. गालिच्यांनी चाकांना आधार दिला. गाडी कुरकुरली, हलली, आणि एकदम सुटून घट्ट जमिनीवर आली. जीव भांड्यात पडला. आमचा अर्धवट राहिलेला चहा मात्र सगळा फरशीवर सांडला होता.

तंबूत

त्या दिवशी आम्हाला जाऊ देणं त्यांच्या मनातही नव्हतं. वाळत घातलेल्या गालिच्यांपाशी आम्ही चटयांवर बसलो. सलीमभाईंनी एका परातीत भात आणला, त्यावर मटण, आणि त्यात फगा घातलेला. फगा म्हणजे पावसानंतर वाळवंटात जमिनीखाली मिळणारी, कंदासारखी दिसणारी भूछत्रं. चव अळंबी आणि उकडलेला बटाटा यांच्या मधली. हे म्हणाले, "मीठ थोडं कमी आहे." मी देवाचे आभार मानले.

बू यूसुफनी नांगर मागवून घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्या पात्यावरून हात फिरवला. त्यांच्या वडिलांचं स्वतःचं गलबत होतं, खजूर भरून मुंबईला जायचं आणि लाकूड घेऊन यायचं. लहानपणी दोन हिवाळे बू यूसुफ मुंबईत राहिले होते, हिंदी तिथलीच. मग तेलाचे दिवस आले आणि गलबतांचे गेले.

"तुमच्या वडिलांनी मग काय केलं?" यांनी विचारलं. आवाज हलका झाला होता. मी हातातला घास तसाच धरून ऐकत राहिले.

"बेच दिया. बहुत दिन किसी से बात नहीं किया. फिर एक दिन बोला, तंबू लाओ." म्हाताऱ्याने तंबूच्या कनातीकडे बोट केलं. "जहाज़ गया. रस्सी वही था."

हे उठले. काठी न घेता तंबूच्या कडेला गेले, ताणाच्या एका दोराला हात लावला आणि गाठ चाचपली. मग दुसऱ्या दोराची. मग मला हाक मारली, "नीला, ये इकडं. ही गाठ बघ." मी पाहिली. टिटवीवर शीड बांधायला आम्ही हीच गाठ मारत होतो. हे बराच वेळ तिथे उभे होते, वारा तंबूत भरत होता आणि कनात फडफडत होती. हा माणूस परत आला, एवढं मला पुरेसं होतं.

निघताना यांनी नांगर बू यूसुफना भेट म्हणून पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, आम्ही इथे कायमचे आहोत, तुम्हाला लागेल. मी सलीमभाईंना मेधाचा पत्ता दिला आणि गालिचे धुवायचा खर्च विचारला. दोघांनीही न ऐकल्यासारखं केलं. समुद्रावरही असंच असतं. अडलेल्या बोटीला दोर टाकल्यावर कोणी आभार ऐकायला थांबत नाही.

महबूला

शनिवारी परतीच्या वाटेवर यांनी मला श्वास घेऊ दिला नाही. मी रस्त्याच्या कडेला फार चिकटते. वायपर बंद कर. मोटरहोम घ्यायची तर हिच्याहून लहान, पुढे नांगर अडकवायला कडी हवी. पडदे हे असले जांभळे नकोत. पहिली फेरी दाभोळला, निवटे खायला. मी म्हटलं, पहिली फेरी हिमाचलला. पुलावर चढल्यापासून उतरेपर्यंत आम्ही भांडलो, पाण्याकडे बघायला दोघांनाही सवड झाली नाही.

मेधाच्या इमारतीखाली गाडी उभी करत होते तेवढ्यात मस्कतहून डॉक्टरांचा फोन आला. यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला. डॉक्टर सज्जन माणूस, ठरलं होतं ते हिंदीत पुन्हा एकदा नीट बोलून घेत होते. शिडं तीन. गॅसची शेगडी. रेडिओ. दोन नांगर, एक मोठा, एक छोटा.

मी इंजिन बंद केलं आणि यांच्या तोंडाकडे बघत बसले.

"डॉक्टरसाहेब, बोट तुमची झाली," हे म्हणाले. "तिला जपा, वाऱ्यात ती डावीकडे ओढते. पण छोटा नांगर मिळणार नाही."

"अरे, एक नांगर से क्या होता है, कप्तान साहब? चलेगा ना, दे दीजिए."

"नाही," हे मराठीतच म्हणाले. "नाही चालणार."